हात दाखवू नकोस

बाळा,

परवा रात्री कट्ट्यावर बसून तू जे सांगितलंस ते काही डोक्यातून जाईना. टॉवेलचे गठ्ठे भरून छोटा हत्ती घेऊन तू सात रस्ता चौकात आलास. सिग्नल हिरवा झाला. कडेला एक म्हातारा सायकल धरून उभा होता, त्याला बघून तू गाडी हलवलीच नाहीस आणि हातानं ‘जा’ म्हणालास. तो निघाला, मध्येच थबकला, मागच्यांनी हॉर्नचा कल्ला केला आणि तुझ्या उजवीकडून एक मोटरसायकल सुसाट निघून गेली. म्हातारा थोडक्यात वाचला. वर तुलाच शिव्या देऊन गेला. ‘काका, भलं करायला गेलो तरी माझंच चुकलं का?’ असं तू विचारलंस.

हो, तुझंच चुकलं. तुझा चेहरा बघून तेव्हा बोलवेना, म्हणून लिहितोय.

तुला हिरवा, म्हणजे त्याला लाल. त्या लालवर विसंबून तो बिचारा जागेवर उभा होता. तिथून तू त्याला बाहेर काढलंस, ते कुणाच्या भरवशावर? तुझा हात तुझ्या गाडीपुरता. मोटरसायकलवाल्याला तुझ्या गाडीच्या आडोशानं म्हातारा दिसत नव्हता आणि म्हाताऱ्याला तो दिसत नव्हता. मध्ये तू, मनानं चांगला. पुढच्याचा अंदाज चुकवू नकोस, एवढंच मला सांगायचंय.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. एसटीवर असताना, २७ वर्षांपूर्वी, पूर्व भागातल्या एका चौकात मी हेच केलं. कारखान्यांची पाळी सुटायची वेळ होती. हँडलला डबा अडकवलेला एक यंत्रमाग कामगार कडेला थांबला होता. मी वरून, स्टेअरिंगवरचा हात उचलून, त्याला जा म्हणालो. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली, हसला, आणि पॅडल मारलं. माझ्या उजव्या अंगानं एक टेम्पो आला. पाय दोन ठिकाणी मोडला. पंचनाम्यात माझ्या गाडीचा नंबरसुद्धा आला नाही, कारण माझी गाडी जागची हललीच नव्हती. पुढे काही महिन्यांनी तो लंगडत जाताना दिसला. मागावरचं काम म्हणजे अख्खी पाळी उभ्यानं, या मागाकडून त्या मागाकडे. पाय गेला की काय राहतं, तूच सांग. मी त्याच्याशी बोललो नाही. बोलायला हवं होतं. आता तो कुठं असतो तेही ठाऊक नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी सिग्नलला कुणालाही हात दाखवला नाही. कंडक्टर मला गुर्मीतला म्हणायचे, तुझी काकूही म्हणायची की माणसाला एवढा ताठा बरा नव्हे. म्हणू देत. मी रेषेच्या मागं थांबलो, माझी पाळी आल्यावर निघालो, आणि माझ्यामुळं पुन्हा कुणाची मान तशी हलली नाही. यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

एसटीत एक घंटी वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की चालायचं. दाराशी कोण चढतंय हे ड्रायव्हर वळून बघत बसत नाही. त्या दोन घंट्यांवर तो एवढी मोठी गाडी हलवतो. उद्या कंडक्टरनं मायेपोटी तिसरी वाजवली तर? आपल्या रस्त्यावर अशा तिसऱ्या घंट्याच फार. डिपर दिला तर एक समजतो ‘मी येतोय, थांब’, दुसरा समजतो ‘तू ये’. पुढच्या ट्रकनं उजवा दिवा दिला तर तो वळतोय की पुढं जा म्हणतोय, कळत नाही. त्यात तुझ्या हाताची भर नको.

मग सायकलवाल्यासाठी काहीच करायचं नाही का, असं म्हणशील. अरे, ढीगभर आहे की! रेषेच्या मागं थांब, म्हणजे त्याला पुढं उभं राहायला जागा मिळते. हिरवा झाला की लगेच त्याच्या चाकाला चिकटू नकोस. पॅडल मारून तोल सावरेपर्यंत तो दोन-तीन सेकंद डोलतोच. डावीकडे वळायचं असेल तर दिवा आधी दे आणि त्याला ओलांडून त्याच्या तोंडासमोर वळू नकोस. त्याच्या मागं राहा. पिवळा बघून अ‍ॅक्सिलरेटर दाबायची तुला सवय आहे, मी बघितलीय. ४० च्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. पाय ब्रेकवर पोचायच्या आत ती ११ मीटर गेलेली असते. आणि लाल तोडणं ही किरकोळ गोष्ट नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं ते कलम १८४ मध्ये, धोकादायक वाहन चालवण्यात घातलंय. पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड, नाहीतर कैद. पण दंडाच्या भीतीनं थांबणार असशील तर हे पत्र इथंच ठेव.

उन्हाळ्यात सगळे रेषा सोडून मागं झाडाच्या सावलीत थांबतात. ४२-४३ डिग्रीत उभं राहणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण हिरवा दिसताच तिथून वेग घेऊन सुटतात, आणि तेव्हा रेषेवरचा सायकलवाला नुकता पहिलं पॅडल मारत असतो. तू तसा सुटू नकोस.

सायकलवाले सोवळे आहेत असं मी म्हणत नाही. मी स्वतः आता सायकलवर फिरतो. उलट्या बाजूनं घुसणारे, लालमध्ये सटकणारे रोज बघतो आणि ओरडतो. असा एक गेला की ड्रायव्हर पुढच्या दहा जणांवर भरवसा ठेवत नाही, आणि त्या दहांत मी असतो.

रविवारी सकाळी ये. गाडी घरी ठेवून ये. माझ्या सायकलवर बसून सात रस्त्याला ट्रकच्या डाव्या अंगाला उभा राहा, आणि तिथून ड्रायव्हरचं तोंड दिसतं का ते मला सांग. मी शेजारीच असेन. टायरमध्ये हवा भरून ठेवतो.

तुझा,
काका