रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ला काढता येणारा बॅकरेस्ट आणि सॅडलबॅग एकत्र बसतील का?

तुम्ही विचारलंय की बायकोच्या पाठीला आधार म्हणून काढता-घालता येणारा बॅकरेस्ट आणि आंबोलीमार्गे गोव्याला जायला सॅडलबॅग, दोन्ही एका गाडीवर बसतील का, आणि कोल्हापुरात ते नीट करून मिळेल का. बसतात, नक्की करा. फक्त दोन्ही एकाच दिवशी, एकच काम समजून बसवून घ्या.

कारण बहुतेक सेटमध्ये बॅकरेस्टचे ब्रॅकेट आणि बॅगेचा स्टे (बॅग चाकापासून दूर धरणारी लोखंडी चौकट) मागच्या सीटजवळच्या त्याच बोल्टांवर येतात. आधी स्टे, चॅसिसच्या बाजूला. त्याच्या बाहेरून बॅकरेस्ट ज्याच्या खाचेत अडकतो तो बुश. क्रम उलटा झाला तर स्टेची पट्टी खाचेच्या आड येते आणि प्रत्येक वेळी बॅकरेस्ट काढायला पाने घेऊन बसावं लागतं.

खरी मेख बोल्टच्या लांबीत आहे. एकावर एक पट्ट्या आल्या की मूळचे बोल्ट आखूड पडतात. दोन-तीन आट्यांवरही बोल्ट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण खड्ड्यांत वजन आलं की आटे सोडतो. एम८, म्हणजे ८ मिमी जाडीचा बोल्ट असेल तर निदान ८ मिमी आटे आत गेलेच पाहिजेत. ८.८ ग्रेडचे, म्हणजे जास्त मजबूत पोलादाचे लांब बोल्ट घ्या. मध्ये फट राहिली तर वायसरांची चळत लावून भरू देऊ नका. शिवाजी उद्यमनगरात लेथवर मापाचा स्पेसर करून मिळतो. त्या कामाला आपल्या गावासारखी जागा नाही. सगळे बोल्ट आधी हातानं लावायचे, बॅकरेस्ट चार वेळा काढून-घालून बघायचा, मग निळं लॉकटाइट (बोल्ट ढिला होऊ न देणारा, आट्यांना लावायचा गोंद) लावून आवळायचं. शंभरेक किलोमीटरनंतर परत एकदा पाना फिरवा.

स्टे बसवताना कुणी साडीगार्ड काढायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ नुसार मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला असावा लागतो आणि मागच्या माणसाला धरायला कायमचं हँडलही लागतं. साडीगार्डसकट बसणारा स्टे शोधा. मडगार्डला नवीन भोक तर अजिबात पाडू नका.

वहिनी दोन्हीकडे पाय टाकून बसत असतील तरच बॅकरेस्टचा उपयोग. एका बाजूला बसल्या तर पाठ टेकतच नाही आणि डावी बॅग पायाला अडते.

बॅगा भरून, वहिनींना बसवून गाडी मागून दाबून बघा. बॅग टायरला, शॉकअपला, इंडिकेटरला लागता कामा नये. उजवीकडे सायलेन्सर आहे, तिथं मोकळी जागा जास्त हवी. पावसाळ्यात रेनकव्हरची लोंबती कड सायलेन्सरवर वितळते, म्हणून बॅगेच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि कव्हरच्या नाड्या आत खोचा. जड सामान तळाला, दोन्हीकडे सारखं. शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण वाढवा, टायरमधली हवा मॅन्युअलमध्ये डबलसीटसाठी दिलीय तेवढी.

गोव्याला निघण्याआधी असंच सगळं लादून पन्हाळ्याला जाऊन या. वर पोहोचल्यावर बॅगांची आतली बाजू बघा. कुठं घासल्याचा किंवा तापल्याचा डाग दिसला तर तिथं स्टे बाहेर घ्यावा लागेल.