राजकीय बातम्या बघितल्या की टेन्शन येतं, झोप उडते. बातम्या बघणं पूर्ण बंद करावं का?

नाही, बंद करू नका.

तुम्ही लिहिलंय की रात्री जेवणं झाल्यावर फोनवर बातम्या वाचत बसता, मग छातीत धडधडतं, आणि घरचे म्हणतात, "सोड ना, आपल्या हातात काय आहे?" हे शेवटचं वाक्य वाचलं आणि मला राहवलं नाही. आमच्या घरात हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. कोणतं चॅनेल, कोणतं ॲप हे तुम्ही विचारलंय, त्यावर शेवटी लिहिते. आधी या वाक्याचं बघू.

मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते. २०२२च्या जूनमध्ये जे घडलं ते आमच्या दारातलं होतं, कारण एकनाथ शिंदे आमच्याच कोपरी-पाचपाखाडी मतदारसंघाचे आमदार. २० जूनला विधान परिषदेचं मतदान झालं, त्याच रात्री शिवसेनेचे काही आमदार उद्धव ठाकऱ्यांचं सरकार सोडून शिंद्यांबरोबर सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला, आणि ३० जूनच्या संध्याकाळी शिंदे मुख्यमंत्री झाले. मधल्या दिवसांत अख्खा महाराष्ट्र 'काय झाडी, काय डोंगार' ऐकत होता. आमच्या घरात मात्र सासऱ्यांचं बीपी चढत होतं.

बाबा, म्हणजे माझे सासरे, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. रोज सकाळी दोन मराठी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस. त्या दिवसांत ते टीव्हीसमोरून उठेनात. पडद्यावर कोपऱ्यात आकडा असायचा, किती आमदार तिकडे गेले त्याचा, आणि तो वाढला की बाबांचा चेहरा बदलायचा. मध्यरात्री उठून आवाज बंद करून खालची पट्टी वाचत बसायचे. शेवटी नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, टीव्ही जरा कमी करा.

डॉक्टर 'कमी' म्हणाले होते. माझे दीर नवी मुंबईतल्या ऐरोलीहून आले आणि त्यांनी 'बंद' केलं. रिमोट कपाटात गेला, पेपरवाल्याला सांगून दोन्ही पेपर थांबवले, बाबांच्या फोनचं नेट बंद केलं. "वहिनी, आपल्या हातात काय आहे? त्यांना कशाला त्रास?"

त्यानंतर काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून ठामपणे सांगते. बाबांचं टेन्शन वाढलं. ते खाली जाऊन वॉचमनला विचारायचे, लिफ्टमध्ये भेटेल त्याला विचारायचे, जुन्या मित्रांना फोन लावायचे. एका संध्याकाळी कुणीतरी सांगितलं की राष्ट्रपती राजवट लागली. बाबा ते खरं धरून जेवले नाहीत. तसं काही झालंच नव्हतं. पेपर हातात असता तर सकाळी कळलं असतं. बातमी थांबवली की तिच्या जागी ऐकीव गोष्ट येते, आणि तिला खालीवर काहीच नसतं, ना तारीख, ना कुणाची सही. आयुष्यभर वाचणाऱ्या माणसाचे पेपर त्याला न विचारता बंद करायचे, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पेपर पुन्हा सुरू केले. टीव्ही बंदच ठेवला. आणि बाबांना घेऊन तो पडद्यावरचा आकडा समजून घ्यायला बसले. सगळे ३७, ३७ करत होते, ते का? शिवसेनेचे तेव्हा ५५ आमदार होते, त्यांचे दोन तृतीयांश ३७. पक्षांतरबंदी कायद्यात, म्हणजे १९८५ साली आलेल्या दहाव्या अनुसूचीत, पूर्वी एक तृतीयांश आमदार फुटले तर 'फूट' म्हणून चालायचं. २००३च्या घटनादुरुस्तीने ती सोय काढून टाकली. राहिलं ते विलीनीकरण, आणि त्याला दोन तृतीयांश लागतात. एवढं कळल्यावर बाबांचा पहिला प्रश्न होता, "मग हे विलीन कुणात होणार?" चॅनेलवर ओरडणाऱ्यांपैकी फार थोडे हा प्रश्न विचारत होते, आणि पुढे सुप्रीम कोर्टात याच मुद्द्यावर खल झाला. त्या संध्याकाळी पहिल्यांदा ते नीट जेवले. परिस्थिती तीच होती, पण आता त्यांना त्यात विचार करायला जागा मिळाली होती.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ठाणे, नवी मुंबईसह राज्यातल्या चौदा महापालिकांच्या प्रभागवार प्रारूप मतदार याद्या २३ जूनला प्रसिद्ध झाल्या होत्या. गुवाहाटीच्या गदारोळात ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत होती. हरकतींची मुदत जुलै लागता लागता संपणार होती. मी तेव्हा सोसायटीची सेक्रेटरी होते. आमच्या प्रभागाची आणि लगतच्या प्रभागाची यादी झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली आणि बाबांसमोर ठेवली.

ते पट्टी आणि लाल पेन घेऊन बसले. फ्लॅट नंबर, आडनाव, वडिलांचं नाव, एकेक ओळ. बी विंगमधली काही कुटुंबं शेजारच्या प्रभागात गेलेली सापडली. एक बाई आमच्या यादीत, तिचा नवरा दुसऱ्या. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: महापालिकेची यादी म्हणजे विधानसभेची यादी प्रभागांत तोडलेली असते. तिच्यात नवं नाव घालता येत नाही, मेलेल्या माणसाचं काढताही येत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळ्या कार्यालयात, आणि तो आधीच करायचा असतो. प्रारूप यादीवर हरकत घेता येते ती तीन गोष्टींवर: नाव चुकीच्या प्रभागात गेलंय, विधानसभेच्या यादीत आहे पण प्रभागाच्या यादीतून गळलंय, किंवा लिहिण्यात चूक आहे. लोक मुदतीत जाऊन "माझ्या मुलाचं नाव घाला" म्हणतात आणि मग वैतागून परततात.

बाबांनी घरोघरी जाऊन सह्या घेतल्या. प्रभाग समितीच्या कार्यालयात मी त्यांच्याबरोबर गेले, अर्ज दिले, पोच घेतली. २९ जूनला रात्री सुप्रीम कोर्टाने बहुमत चाचणीला स्थगिती नाकारली, पाठोपाठ उद्धव ठाकऱ्यांनी राजीनामा दिला. फटाके वाजत होते, कुठे घोषणा होत्या. बाबांना वाईट वाटलं की बरं, ते मी इथे लिहिणार नाही, तो त्यांचा प्रश्न. पण ते त्या रात्री झोपले.

तेव्हापासून त्यांनी एक वही केली. एका प्रकरणाला एक पान, आणि उजवीकडे कोर्टाच्या बोर्डासारखा एक रकाना: पुढची तारीख. शिंद्यांबरोबर गेलेल्या आमदारांच्या अपात्रतेच्या पानावर काय काय आलं बघा. २७ जून २०२२, कोर्टाने आमदारांना उत्तरासाठी १२ जुलैपर्यंत मुदत दिली. १७ फेब्रुवारी २०२३, निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. ११ मे २०२३, घटनापीठाचा निकाल: फुटीचा बचाव आता कायद्यात नाही, राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं चुकीचं होतं, पण ठाकऱ्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्याने त्यांना परत आणता येत नाही, आणि अपात्रतेचं विधानसभा अध्यक्षांनी ठरवावं. १० जानेवारी २०२४, अध्यक्षांचा निर्णय, कुणीच अपात्र नाही. दीड वर्षात ठरवणारे दिवस हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच. मधल्या प्रत्येक संध्याकाळी 'आज काय होणार' म्हणून चर्चा चालू होत्या, आणि बहुतेक संध्याकाळी काहीच होणार नव्हतं. तुमची झोप उडवणारी बातमी बहुधा या मधल्या दिवसांतली असते. तिला पुढची तारीख आहे का, एवढं बघा. असेल तर लिहून ठेवा आणि त्या दिवशी वाचा. नसेल तर ती कुणाचं तरी मत आहे, उद्या वाचलं तरी चालेल.

भाऊजी म्हणतात, एवढं करून मिळवलं काय? ती निवडणूक झालीच नाही! खरं आहे, झाली नाही. नव्या सरकारने ऑगस्टमध्ये प्रभागरचना बदलायला घेतली, प्रकरण कोर्टात गेलं. त्याआधी ओबीसी आरक्षणाचा वाद होताच, त्याहीआधी कोरोना. पण म्हणूनच माझं म्हणणं अधिक खरं ठरतं. ठाणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ला संपली, नवी मुंबईची तर मे २०२०ला. तेव्हापासून दोन्हीकडे आयुक्तच प्रशासक होते. एरवी आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे मांडतात, नगरसेवक त्यावर भांडतात. प्रशासकाच्या काळात मांडणारा तोच, मंजूर करणाराही तोच. हजारो कोटींचा कारभार, आणि जाब विचारायला निवडून आलेला एकही माणूस सभागृहात नव्हता. सुप्रीम कोर्टाने ६ मे २०२५ला निवडणुका घ्या म्हणून बजावलं, तेव्हा कुठे हललं, आणि मतदान १५ जानेवारी २०२६ला झालं. नवी मुंबईत साडेपाच वर्षांहून जास्त! ही आमच्या दोन्ही शहरांतली त्या काळातली सर्वांत मोठी राजकीय बातमी होती असं मी मानते. तिच्यासाठी पडदा कधी लाल झाला नाही, कारण रोज नवं काही घडत नव्हतं.

आणि भाऊजींनी मला २०२३ साली फोन करून विचारलं होतं, "वहिनी, आमच्या सेक्टरमध्ये गटाराचं काम अर्धवट टाकलंय, नगरसेवक फोनच उचलत नाही, तुमच्या ओळखीचं कुणी आहे का?" त्यांच्या नगरसेवकाची मुदत संपून तीन वर्षं झाली होती. त्यांना माहीतच नव्हतं. बातम्या बंद करून ते सुखी होते असं ते म्हणतात. मी म्हणते, आपल्याला जाब विचारायचा हक्क असलेली खुर्ची रिकामी आहे, हेही ज्याला कळत नाही, त्या सुखाचं काय करायचं? त्यांना मी तेव्हा वॉर्ड ऑफिसचा पत्ता आणि माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना दिला. अर्ज त्यांनी केला. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. चॅनेल कोणतं याने फारसा फरक पडत नाही. संध्याकाळच्या चर्चा मात्र अजिबात बघू नका, चार जण एकावेळी बोलतात त्यातून आजवर मला एकही नवी गोष्ट कळलेली नाही. सकाळी छापील पेपर वाचा. परवडत नसेल तर वाचनालयात जा, ठाण्यात तर १८९३पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. ऐकायला आवडत असेल तर आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या बऱ्या, आरडाओरडा नसतो आणि लवकर संपतात. एखादं विधेयक आलं तर त्याच्यावरच्या प्रतिक्रिया आधी वाचू नका, आधी त्याचा सारांश वाचा. संसदेतल्या विधेयकांचे सोपे सारांश पीआरएस नावाची संस्था करते. एक्झिट पोल सोडूनच द्या, निकाल तसाही लागणारच असतो. फोनवरच्या सूचना बंद करा. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राजकारण बोलू नका, आणि तिथल्या फॉरवर्डवर तर झोपण्याआधी अजिबात विचार करू नका.

एक सांगायचं राहिलं. छातीत धडधडणं रोजचं असेल, श्वास अडकत असेल, तर हे माझं उत्तर बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. बाबांनाही गोळी चालू होतीच, नुसत्या वहीने बीपी उतरलं असं मी म्हणत नाही. आणि ज्यांचं घर, नोकरी, जमीन बातमीत आहे, त्यांना 'पुढच्या तारखेपर्यंत थांबा' सांगायचा मला अधिकार नाही. भाऊजींची बाजूही थोडी मांडते: ते तेव्हा महापेला शिफ्टमध्ये होते, त्यांना याद्या तपासायला वेळ नव्हता. पण वेळ नसणं वेगळं आणि हातात काहीच नाही म्हणणं वेगळं. दुसरं ते माझ्या सासऱ्यांसमोर म्हणाले, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

२०२५च्या नोव्हेंबरात पुन्हा प्रारूप याद्या आल्या, पुन्हा नवे प्रभाग, २०२२च्या आराखड्यातल्या तीन सदस्यांऐवजी चार. बाबांनी पुन्हा लाल पेन काढलं. या वेळी ऐरोलीच्या यादीची प्रत भाऊजींनी स्वतः पाठवली, "बाबांना आमचीही बघायला सांगा" म्हणून.

तुम्ही कुठल्या शहरात आहात ते लिहिलेलं नाही. महापालिका असेल तर या वर्षीच्या अंदाजपत्रकापासून सुरुवात करा. महापालिकेच्या संकेतस्थळावर मिळतं. सगळं वाचू नका, तुमच्या प्रभागातला एक रस्ता, एक शाळा किंवा एक दवाखाना घ्या, त्याच्यासमोर किती रक्कम धरलीय ते बघा, आणि गेल्या वर्षी धरलेल्यातली किती खर्च झाली तेही. मग तुमच्या नगरसेवकाला लेखी विचारा आणि पोच घ्या.