पाळणाघराची फी कुणाच्या पगारातून?

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीला राहते. फोर्टला एका खासगी कंपनीत अकाउंट्समध्ये आहे, सव्वाचार वर्षं झाली. मुलगी पाच महिन्यांची. पुढच्या महिन्यात रजा संपते. पगार हातात २४ हजार. पाळणाघराचे १० आणि पास, रिक्षा, डबा धरून ४ हजार वजा केले तर १० उरतात. ‘एवढ्यासाठी कशाला धावपळ, दोन-तीन वर्षं घरी थांब,’ असं हे म्हणतात. त्यांचं ऑफिस ठाण्याला आहे. सासूबाई आमच्याकडेच असतात, पण त्यांचे गुडघे दुखतात. राजीनामा देऊ का?

उत्तर : वजाबाकी बरोबर आहे गं, खातं चुकलंय. अकाउंट्समधली तू, आणि हे मी सांगायचं? मुलगी दोघांची, मग पाळणाघराचे दहा हजार तुझ्या एकटीच्या नावे का टाकलेस? दोघांच्या पगारातून पाच-पाच वजा कर आणि पुन्हा बघ. कंपनी पीएफमध्ये भरते ती रक्कमही तुझ्या हिशेबात दिसली नाही. शिवाय नऊ महिन्यांनी पाच वर्षं भरतील आणि ग्रॅच्युइटीचा हक्क लागेल. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा त्यात नोकरी म्हणूनच धरतात. इतक्या काठावर येऊन सोडू नकोस.

मीही हीच चूक केली होती. बँकेत होते. मुलगा शेजारच्या काकूंकडे असायचा, त्यांचे पैसे माझ्या पगारातून जायचे, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणालाच, मलासुद्धा, वाटलं नाही. पुढे ऑफिसरचं प्रमोशन बदलीच्या भीतीने नाकारलं. बरोबरच्या दोघी मॅनेजर होऊन निवृत्त झाल्या, मी काउंटरवरूनच.

बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ला झालेल्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय कायद्याने सक्तीची आहे, आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता येतं. पण सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये सहा महिन्यांचं बाळ घेऊन कोण चढणार! त्यापेक्षा काही दिवस घरून काम मिळेल का, ते लेखी विचार. कायद्यात त्याचीही तरतूद आहे, फक्त कंपनीची संमती लागते.

पाळणाघर घराजवळच बघ. दुपारी चारला, न कळवता जा. एका बाईकडे किती मुलं आहेत, झोपवतात कुठे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. संडासाचा वास बाहेरपर्यंत येत असेल तर तिथूनच परत फिर.

ठाण्याचं ऑफिस तू पत्रात ओझरतं लिहिलंयस, मला तर तेच महत्त्वाचं वाटलं. तिथून डोंबिवली गाडीने वीस-पंचवीस मिनिटं, तुला फोर्टहून सव्वा तास. मग संध्याकाळी मुलीला आणायला कोण लवकर पोचेल?

आणि सासूबाईंचे गुडघे तू सांगितलेस, त्यांचं म्हणणं नाही. रोजचं नकोच. पण मुलगी तापली तर एखादा दिवस त्या सांभाळतील का, हे त्यांनाच विचार.