रक्त शरीरातला कचरा कसा वाहून नेतं? शुद्ध आणि अशुद्ध रक्त म्हणजे काय?

मी डायलिसिस टेक्निशियन आहे, त्यामुळे हा प्रश्न अगदी जवळचा वाटला.

आधी शाळेतलं 'शुद्ध-अशुद्ध' डोक्यातून काढून टाका. ते फक्त ऑक्सिजनपुरतं खरं आहे. किडनीत धमनीतून शिरणारं रक्त शाळेच्या भाषेत शुद्ध, पण युरिया हा कचरा त्यातच जास्त. शिरेतून बाहेर पडणारं 'अशुद्ध', आणि त्यात युरिया कमी!

रक्त स्वतः काही साफ करत नाही, ते हमालाचं काम करतं. केशवाहिनीची, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिनीची, भिंत जेमतेम एका पेशीच्या जाडीची असते. पेशीत साचलेला कार्बन डायऑक्साइड तिच्यातून रक्तात उतरतो, बराचसा बायकार्बोनेट होऊन फुप्फुसापर्यंत जातो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. प्रथिनं मोडली की अमोनिया तयार होतो. तो विषारी, म्हणून यकृत त्याचा युरिया करतं. तांबड्या पेशी साधारण १२० दिवसांनी मरतात, त्यांच्यातून निघालेलं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य यकृतामार्फत पित्तात जातं. ते रक्तात साठलं की कावीळ.

खरी कमाल किडनीची. मिनिटाला लिटरभर रक्त तिथून जातं. ती कचरा वेचून काढत बसत नाही. दिवाळीत आपण फडताळातलं सगळं खाली काढतो आणि हवं तेवढंच परत लावतो ना, तसंच. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं सोडून पाणी, साखर, क्षार, युरिया असं सगळं गाळून बाहेर येतं, दिवसाला सुमारे १८० लिटर! मग कामाचं सगळं परत रक्तात घेतलं जातं. लघवी उरते दीड-दोन लिटर.

किडनी थकली की हे काम आमच्या मशीनवर येतं, आठवड्यातून बहुधा तीनदा, चार-चार तास. त्यातली गाळणी म्हणजे डायलायझर: साधारण फूटभर लांबीची पारदर्शक नळी, आत केसासारख्या हजारो पोकळ नळ्या. रक्त सोडलं की पांढरा गुच्छ बघता बघता लाल होतो. नवीन पेशंट परत जाणाऱ्या नळीकडे टक लावून बघतात आणि विचारतात, "ताई, झालं का स्वच्छ? रंग तर तोच दिसतोय." दोन्ही नळ्या खरंच सारख्याच लाल असतात, कारण युरियाला रंगच नाही. म्हणून आम्ही सुरुवातीला आणि शेवटी रक्ताचा नमुना घेतो. युरिया निदान ६५ टक्क्यांनी उतरला, तर त्या दिवसाचं डायलिसिस नीट झालं.