आयसीएच स्कोअर शिकताना
आयसीएच स्कोअर, म्हणजे मेंदूच्या आत रक्तस्राव झालेल्या पेशंटचा धोका गुणांत मोजायची पद्धत, शिकायला घेतलास, छान केलंस. आधी हे पाठ कर: जीसीएस (पेशंट किती शुद्धीवर आहे ते सांगणारा आकडा, कमी म्हणजे वाईट) ३-४ असेल तर २ गुण, ५-१२ असेल तर १. रक्तस्राव ३० मिली किंवा जास्त, व्हेंट्रिकलमध्ये (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीत) रक्त, टेंटोरियमच्या (मोठ्या मेंदूखालच्या पडद्याच्या) खालचा रक्तस्राव, वय ८० किंवा जास्त: प्रत्येकी १.

नेहमीच्या चुका दोन:
- झोपेचं औषध दिलेल्या पेशंटचा जीसीएस तसाच धरणं.
- रक्तस्रावाचं आकारमान नजरेने ठरवणं. सीटीवर लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोज, गुणाकाराचं निम्मं कर.

हा स्कोअर २००१ साली ३० दिवसांतल्या मृत्यूच्या अंदाजासाठी बनला. पेशंट पुन्हा चालेल का, यासाठी नाही. म्हणून कळकळीने सांगते, चार गुण दिसले तरी पहिल्याच रात्री नातेवाइकांना आशा सोडायला सांगू नकोस. उपचार थांबवले की भाकीत आपोआप खरं ठरतं. पेशंट पुन्हा स्वतःचं स्वतः करू शकेल का, याचा अंदाज देणारा फंक स्कोअर नंतर बघू.