फेसबुकवरून आलेले वाचक

कोल्हापुरी चपलांवरील तुमचा लेख फेसबुकवर टाकताच एका संध्याकाळी वाचक वाढले, याचा आनंद स्वाभाविक आहे. परंतु ते किती वेळ थांबले, हे आधी पाहावे. गूगल ॲनालिटिक्स हे संकेतस्थळावरील भेटी मोजणारे साधन 10 सेकंदांहून अधिक टिकलेली भेट वेगळी मोजते, तोच आकडा मी धरतो. माझ्या पांढऱ्या रश्श्यावरील लेखाला, खरे तर सोबतच्या वाफाळत्या वाटीच्या फोटोला, भरपूर लाइक मिळाले. दुवा मात्र फार थोड्यांनी उघडला. इन्स्टाग्रामच्या फोटोखाली लिहिलेला दुवा तर दाबूनही उघडत नाही, म्हणून तो बायोमध्ये, म्हणजे प्रोफाइलवरील ओळखीच्या मजकुरात, द्यावा. याउलट, भिजलेली चप्पल कशी वाळवावी हे शोधत गूगलवरून येणारे वाचक संख्येने थोडे असले, तरी ते लेख शेवटपर्यंत वाचतात आणि पुढच्या पावसाळ्यातही असेच वाचक येत राहतात.