सॉफ्टवेअरात अँगल आहे, यार्डात नाही

प्रश्न : दिग्रस तालुक्यातल्या गावात आमचं शेतीअवजारांचं वर्कशॉप आहे. नऊ दातांचा कल्टिव्हेटर हा मुख्य माल. मुलानं टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरात, त्याचा बीओएम (एका नगाला लागणाऱ्या मालाची यादी) बनवला; फ्रेम, दात, स्प्रिंगा, फाळ, बोल्ट सगळं एकाच यादीत. फ्रेमला 65×65×6 मिमीचा अँगल (काटकोनी लोखंडी पट्टी) : 2.1 मीटरचे दोन आणि 60 सेंटिमीटरचे दोन तुकडे, म्हणजे 5.4 मीटर, 31.32 किलो. यंदा 90 नग बनले. आता टॅली म्हणते 318 किलो अँगल शिल्लक आहे, आणि यार्डात उभा बार एक नाही. मुलगा मिस्त्रीवर संशय घेतो, मिस्त्री तोंड फुगवून बसलाय. चूक कोणाची?
— एक वाचक

उत्तर : भाऊ, आधी मिस्त्रीला चहा पाजा. मग शेडच्या मागं जा. तिथं हातभर लांबीपेक्षा जरा मोठ्या तुकड्यांचा ढीग असेल. तोच तुमचा 318 किलो.

हिशेब असा. अँगलचा बार 6 मीटरचा येतो. या मापाला मीटरमागे 5.8 किलो, म्हणजे बार 34.8 किलोचा. त्यातून 2.1 चे दोन आणि 60 चे दोन काढले की कागदावर 60 सेंटिमीटर उरतात, म्हणजे पुढच्या फ्रेमची एक बाजू फुकटात. मुलानं तसंच धरलं असणार. पण कटिंग मशीनचं चाक दर कापाला 3 मिमी खातं. चार काप म्हणजे 12 मिमी. उरतो तुकडा 588 मिमीचा. तो फ्रेमला लावला तर गुण्यात (काटकोनात) बसत नाही, म्हणून मिस्त्री तो बाजूला टाकतो आणि नवा बार घेतो. अगदी बरोबर करतो. प्रत्येक फ्रेम अख्खा बार खाते आणि सॉफ्टवेअर 31.32 च वजा करतं. फरक 3.48 किलो. 90 नगांचा 313 किलो. वरचे पाच किलो काट्याचे समजा, त्यासाठी भांडू नका.

बीओएम म्हणजे तयार मालात काय दिसतं त्याची यादी, असं पोरं शिकून येतात. वर्कशॉपात ती यादी रॅकमधून काय उचललं याची असावी लागते. तेव्हा अँगलच्या ओळीत 34.8 किलो टाका आणि खाली 588 मिमीचा तुकडा 3.41 किलो म्हणून परत जमा दाखवा. टॅलीप्राइममध्ये स्टॉक आयटम उघडल्यावर एफ12 दाबा, तिथं बीओएमच्या घटकाचा प्रकार ठरवण्याचा पर्याय चालू करता येतो. मग प्रत्येक ओळीला घटक, उपउत्पादन की स्क्रॅप ते सांगता येतं. तो तुकडा डवऱ्याच्या (कोळप्याच्या) आडव्या पट्टीला वगैरे वापरत असाल तर उपउत्पादन, स्वतःच्या नावाचा वेगळा आयटम. भंगारवाल्याला जात असेल तर स्क्रॅप, भंगाराच्या भावानं. ही जमा बाजू विसरलात तर स्टॉक जुळेल, पण कल्टिव्हेटरची किंमत उगाच फुगेल आणि पोरगा भाव वाढवून बसेल.

नोंद मॅन्युफॅक्चरिंग जर्नलनंच करा. तो स्टॉक जर्नलचाच एक प्रकार, बनवताना ‘मॅन्युफॅक्चरिंग जर्नल म्हणून वापरा’ला होय म्हणायचं. साध्या स्टॉक जर्नलमध्ये बीओएम आपोआप ओढला जात नाही, आणि मग लोक हातानं आकडे टाकत बसतात.

आता दातांचं. तुमच्या पत्रात दात, स्प्रिंगा, फाळ, बोल्ट सगळं फ्रेमसोबत एकाच यादीत दिसतंय. पण पोळ्यानंतर काम थंडावतं तेव्हा तुमची माणसं दात जुळवून रॅकला ठेवत असतील. आमच्याकडे तरी तेच व्हायचं. एक दात, दोन स्प्रिंगा, फाळ, नटबोल्ट मिळून ‘दात संच’ हा वेगळा आयटम करा, त्याचा वेगळा बीओएम, आणि कल्टिव्हेटरच्या यादीत नुसतं ‘दात संच, 9 नग’. नाहीतर पोळ्यानंतर जुळवलेले दोनशे दात सॉफ्टवेअरला दिसतच नाहीत, त्याच्या लेखी स्प्रिंगा अजून पोत्यात पडून आहेत.

वेल्डिंग रॉडचं मात्र माझंच हसं झालेलं आहे. मी सासऱ्यांच्या वर्कशॉपात आर्वीकडे बावीस वर्षं स्टोअर सांभाळलं. पहिल्यांदा कॉम्प्युटर आला तेव्हा एका नगाला रॉडचं एक पाकीट असं मी ठोकून दिलं. महिन्याअखेर रॉडचा स्टॉक वजा बेचाळीस पाकिटं. मामंजींनी कागद पाहिला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, ‘सूनबाई, नसलेली पाकिटं आपण कोठून जाळली व्हय?’ मग आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ रॉड काट्यावर ठेवले आणि नगांनी भागलं. त्यात एक लक्षात आलं : 350 मिमीच्या रॉडचं 50 मिमी थोटूक होल्डरमध्ये राहतं आणि फेकलं जातं. सातवा हिस्सा! म्हणून रॉड किलोत मोजा, थोटकासकट. रंगाचंही तसंच, डबा वजन करून. ग्राइंडिंगची चाकं, कापूस, हातमोजे बीओएममध्ये घालू नका, महिन्याच्या खर्चात टाका. त्यांच्या मागं लागण्यात अर्थ नाही.

मुलासाठी दोन सूत्रं भिंतीवर लिहून ठेवा. पट्टीचं मीटरमागे वजन : रुंदी × जाडी (मिमीत) × 0.00785. गोल सळईचं : व्यासाचा वर्ग भागिले 162. 16 मिमीची सळई 1.58 किलो येते, गाडी उतरवताना काट्याशी ताडून पाहा. खरेदी किलोत आणि काम नगात असल्यानं आयटमला मूळ एकक किलो ठेवा, पर्यायी एकक बार.

आणि माप बदललं की जुनी यादी खोडायची नाही. टॅलीत एका आयटमला एकाहून जास्त बीओएम ठेवता येतात. नावातच महिना-वर्ष घाला. ईआरपीनेक्स्ट हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हा मोह होतच नाही, तिथं सादर केलेला बीओएम बदलता येत नाही, नवा करून तो डिफॉल्ट करावा लागतो.

प्रश्न : आमचा महिला बचत गट पीकेव्ही (अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ) मिनी दाल मिल चालवतो. 100 किलो तुरीला 72 किलो डाळ, 12 किलो चुनी, 11 किलो टरफल निघतं. बीओएम 1 किलो डाळीचा करावा का? आकडे जुळत नाहीत.
— बुलढाणा जिल्ह्यातून एक ताई

उत्तर : ताई, 1 किलोचा करू नका, दशांशात बुडाल. 72 किलोचा करा : तूर 100, आणि चुनी, टरफल उपउत्पादन. बेरीज 95 होते म्हणून घाबरू नका. तुम्ही तेल-पाणी लावून वाळवता, त्यात आणि धुळीत पाच किलो जातात. ती घट जागेवर राहू द्या, शंभर करायला कुठला आकडा वाढवू नका. नव्या तुरीचा आणि जुन्या तुरीचा उतारा सारखा येत नाही, तेव्हा हंगाम बदलला की दोन-तीन घाणे वजन करून यादी नवी करा.

आणि शेतकरी स्वतःची तूर भरडून नेतात ती तुमच्या स्टॉकात घेऊच नका. तिथं तुम्ही फक्त भरडाई विकता. चुनी तुमच्याकडे ठेवून घ्यायचा ठराव असेल तर तेवढीच जमा करा.

प्रश्न : गिऱ्हाईक कधी जाड फाळ मागतं, कधी वेगळा रंग. दरवेळी नवा बीओएम करायचा का?
— वणीहून

उत्तर : रंगासाठी नाही. त्या दिवशीच्या जर्नलमध्ये ओळ बदला, बीओएम तसाच राहू द्या. जाड फाळ हंगामात चार-पाच वेळा मागितला गेला तर त्याचा वेगळा बीओएम करा, नावात ‘जाड फाळ’ लिहून.